पांच गिनींचें अरण्य

वैशाखाच्या उन्हांत गुलमोहर फुलला म्हणजे महाराष्ट्रांतील कोणाहि माणसाला तो आपल्याच मातींतला वाटतो. शाळेच्या आवारांत तो आहे, कचेरीच्या दारांत तो आहे, आगगाडीच्या स्टेशनावर तो आहे. परंतु गुलमोहर हा मूळचा मादागास्कर बेटावरील वृक्ष. बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञानें तो तेथें पाहिला, १८२९ सालीं त्याचें वर्णन लंडनच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि पुढें एका शतकाच्या आंत तो उष्ण कटिबंधांतील शहरोशहरीं जाऊन पोंचला. एवढा मोठा वृक्ष समुद्र ओलांडूं शकला तो बियांच्या बळावर. लांकडासारख्या कठीण शेंगेंतील त्याचें बीं खिशांत मावतें, वाटेंत पाणी मागत नाहीं, आणि महिनेच्या महिने निमूटपणें वाट पाहतें. शोभेचीं झाडें व झुडपें एका खंडांतून दुसऱ्या खंडांत गेलीं, त्यांचा इतिहास बव्हंशीं अशा बियांचा, त्या गोळा करणाऱ्या हातांचा आणि त्या पेरून वाट पाहणाऱ्या माळ्यांचा इतिहास आहे.

या इतिहासांतील एक मोठा अध्याय अठराव्या शतकांत अमेरिका व इंग्लंड या दोन देशांच्या दरम्यान घडला. तो घडविणारीं माणसें मुख्यतः दोन. एक फिलाडेल्फिया शहराजवळचा शेतकरी, दुसरा लंडनचा कापडाचा व्यापारी. तीसांहून अधिक वर्षें त्यांनीं एकमेकांना पत्रें लिहिलीं, पेट्यांमागून पेट्या पाठविल्या, परंतु उभ्या आयुष्यांत त्यांची एकदांहि दृष्टभेट झाली नाहीं.

त्या काळच्या इंग्लंडांतील बागांची स्थिति आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. इंग्लंडचीं स्वतःचीं सदाहरित झाडें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. हिवाळा आला कीं बहुतेक बागा उघड्याबोडक्या होत. त्यांतच जमीनदार वर्गाची अभिरुचि पालटत होती. दोरी लावून आंखलेल्या व कात्रीनें छाटलेल्या बागांचा त्यांना कंटाळा आला होता. आपल्या विस्तीर्ण आवारांत निसर्गाला साजेशी वनश्री असावी, शरदांत पानें लाल-पिवळीं व्हावींत, वसंतांत नवनवीं फुलें दिसावींत, असें त्यांना वाटूं लागलें. पैसा होता, जमीन होती, माळी होते. नव्हतीं तीं झाडें. तीं झाडें अटलांटिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अरण्यांत उभीं होतीं.

तीं पुरविण्याचें काम ज्यानें अंगावर घेतलें तो जॉन बार्ट्रम कोणी पंडित नव्हता. त्याचा जन्म १६९९ सालीं पेनसिल्व्हेनियांतील डार्बी या खेड्याजवळ झाला. घराणें क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचें. शिक्षण खेड्याच्या शाळेंत मिळेल तेवढेंच. १७२८ सालीं त्यानें स्कूकिल नदीच्या पश्चिम तीरावर किंगसेसिंग येथें सुमारें शंभर एकर जमीन लिलांवांत विकत घेतली आणि तेथें स्वतःच्या हातांनीं दगड घडवून घर बांधलें. त्या घराच्या भिंतींत १७३१ हें साल कोरलेला दगड अजून दिसतो.

वनस्पतींचा नाद त्याला कसा लागला याविषयीं एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ती क्रेव्हकूर या लेखकाच्या १७८२ सालीं छापलेल्या पुस्तकांत आढळते. नांगरतां नांगरतां बार्ट्रम एका झाडाखालीं विसाव्यासाठीं बसला असतां त्याच्या हातीं एक रानफूल आलें. आपण आयुष्यभर अशीं फुलें फाळाखालीं चिरडीत आलों, पण त्यांच्याविषयीं आपल्याला कांहींच ठाऊक नाहीं, या विचारानें तो अस्वस्थ झाला. त्यानें नांगर गड्याच्या स्वाधीन केला, शहरांतून वनस्पतिशास्त्राचें पुस्तक आणलें, आणि तें लॅटिन भाषेंत असल्यामुळें शेजारच्या गांवच्या शाळामास्तरांकडे जाऊन तीन महिन्यांत कामापुरतें लॅटिन शिकून घेतलें. या गोष्टींत लेखकाच्या कल्पनेचा अंश असेलच. परंतु आपलें अज्ञान खरोखर टोंचणारा हा शेतकरी होता, हें त्याच्या पुढील सर्व आयुष्यावरून दिसून येतें.

लंडनचा पीटर कॉलिन्सन हाहि क्वेकरच. जन्म १६९४ चा. कापडाच्या व्यापारामुळें अमेरिकेंतील वसाहतींशीं त्याचा नित्य संबंध येई, आणि बागेचा तर त्याला विलक्षण शोक. प्रथम पेकहॅम येथें व पुढें मिल हिल येथें त्यानें परदेशी वनस्पतींची बाग केली. अमेरिकेंत जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला तो बीं पाठविण्याविषयीं विनवी. लोक होय म्हणत आणि विसरून जात. अखेर फिलाडेल्फियांतील एका परिचितानें बार्ट्रमचें नांव सुचविलें आणि १७३३ च्या सुमारास उभयतांचा पत्रव्यवहार सुरू झाला.

थोड्याच वर्षांत या मैत्रीला व्यवहाराचें रूप आलें. इंग्लंडांतील उमराव व बागवान वर्गणी भरीत; कॉलिन्सन मागण्या कळवी, पैशांचा हिशेब ठेवी, बंदरांतून पेट्या सोडवून घेई. एका पेटींत साधारणपणें १०५ जातींच्या झाडाझुडपांचें बीं असे आणि तिची किंमत पांच गिनी, म्हणजे पांच पौंड पांच शिलिंग. या पांच गिनींत ग्राहकाला अमेरिकेच्या अरण्याचा एक लहानसा नमुनाच हातीं येई. ड्यूक ऑफ रिचमंड, ड्यूक ऑफ आर्गाइल अशा बड्या घराण्यांच्या जमिनींवर या पेट्यांतून निघालेलीं झाडें उभीं राहिलीं.

पांच गिनी ही रक्कम उमरावांना फार नव्हती. परंतु ती पेटी भरण्यासाठीं जें करावें लागे तें पाहिलें म्हणजे ती किंमत थोडी वाटते. बहुतेक झाडांचें बीं शरद ऋतूंत पिकतें. शेतींतील सुगी उरकून बार्ट्रम घोड्यावर बसून निघे. शेंकडों मैल तो असा फिरला. त्या काळीं त्या मुलुखांत धड रस्ते नव्हते, आणि दलदली व डोंगर मात्र अमाप होते. बीं गोळा करण्याचा मुहूर्त फार आखूड असतो. चार दिवस आधीं गेलें तर बीं कच्चें, चार दिवस उशिरां गेलें तर तें पक्ष्यांनीं, खारींनीं किंवा वाऱ्यानें नेलेलें. वसंतांत फुलांनीं लदलेलें झाड शरदांत पानें झडल्यावर ओळखतां आलें पाहिजे, आणि तें कोणत्या ओढ्याच्या कोणत्या वळणावर आहे तें सहा महिने लक्षांत राहिलें पाहिजे. ही विद्या कोणत्याहि पुस्तकांत नव्हती. ती पायांनीं मिळवावी लागे.

गोळा केलेलें बीं सर्व एका जातीचें नसे, म्हणून त्याची बांधणीहि एका तऱ्हेनें करून चालत नसे. मॅपलचें पंख फुटलेलें बीं, पाइनच्या बोंडांतील बीं, कठीण कवचाचें अक्रोडासारखें फळ, मॅग्नोलियाचें लाल गर असलेलें बीं, आणि कॅल्मिया व ऱ्होडोडेंड्रॉन यांचें तर केवळ धुळीसारखें बीं. कांहीं पुड्यांत घालावें, कांहीं कोरड्या वाळूच्या थरांत ठेवावें. ओकचें फळ पार सुकलें तर मरतें. ओलें राहिलें तर वाटेंतच कुजतें किंवा मोड काढतें. एवढें करून पेटी जहाजावर चढली तरी चिंता संपत नसे. उंदीर, खारें पाणी, तळघरांतील दमट हवा, वादळें, आणि युद्ध पेटलें म्हणजे शत्रूचीं लुटारू जहाजें. एका वर्षाची मेहनत समुद्राच्या तळाशीं किंवा परक्या बंदरांत जाई, आणि बार्ट्रम पुढील शरदांत पुन्हां घोड्यावर बसे.

पेटी सुखरूप पोंचली म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. खरी परीक्षा येथून पुढें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं झाडाचें बीं पेरून पाहिलें असेल त्यांना ठाऊक असेल कीं मेथी किंवा झेंडू यांच्याप्रमाणें तें आठ दिवसांत मान वर काढील अशी आशा धरतां येत नाहीं. सागाचें फळ आळीपाळीनें भिजवून वाळविल्याशिवाय नीट रुजत नाहीं. गुलमोहराच्या बियांची एक कड दगडावर घासावी लागते, किंवा त्या ऊन पाण्यांत भिजवाव्या लागतात. तेव्हां कोठें कवच पाणी आंत घेतें. थंड प्रदेशांतील झाडांची तऱ्हा याहून निराळी. त्यांचें बीं शरदांत जमिनीवर पडतें. तें लगेच रुजलें तर कोंवळें रोप पुढील बर्फांत मरून जाईल. म्हणून निसर्गानें त्या बियांना जणुं एक कुलूप घालून ठेवलें आहे, आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे थंडी. ओल्या जमिनींत कांहीं आठवडे गारठ्याचे गेल्याशिवाय आंतील कोंब जागाच होत नाहीं. आजचे बागवान असें बीं ओलसर वाळूंत घालून दोन-तीन महिने शीतकपाटांत ठेवतात व मग पेरतात. कांहीं जातींचें बीं तर पहिला हिवाळा व पहिला उन्हाळा मातींत तसेंच काढून दुसऱ्या वसंतांत उगवतें.

हें शास्त्र अठराव्या शतकांत कोणालाहि नीट माहीत नव्हतें. पेटींतील बीं पेरावें, वर्षभर कुंडीकडे पाहावें, कांहीं उगवलें नाहीं म्हणजे माती उपडी करून टाकावी, असें अनेकांचें झालें असेल. टाकलेल्या त्या मातींत जिवंत झाडें होतीं. म्हणून त्या काळचे जाणते माळी एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगत कीं कुंडी हलवूं नका, माती उकरूं नका, दुसरा वसंत येऊं द्या. चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख फिलिप मिलर यानें १७३१ सालीं माळ्यांसाठीं जो मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यांतहि उशिरां रुजणाऱ्या बियांविषयींचें असें अनुभवाचें ज्ञान आहे.

कॅल्मिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांनीं तर भल्याभल्यांना हार खावयास लावली. त्यांचें बीं इतकें बारीक कीं मातीखालीं दडपलें तर गुदमरतें, आणि उघडें ठेवलें तर एका उन्हांत सुकून जातें. लंडनजवळ माइल एंड येथें जेम्स गॉर्डन नांवाचा एक रोपवाटिकेचा मालक होता. तीं धुळीसारखीं बीजें रुजवून त्यांचीं रोपें वाढविण्याची हातोटी त्याला साधली. कॉलिन्सननें त्याच्या या कौशल्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली आहे. उमरावांच्या बागांच्या इतिहासांत गॉर्डनसारख्यांचीं नांवें क्वचितच येतात; परंतु बार्ट्रमनें अरण्यांतून आणलेली शोभा इंग्लंडच्या मातींत उभी राहिली ती अशाच हातांमुळें.

बियांपासून झाडें वाढविण्याचा सर्वांत भव्य प्रयत्न एसेक्स परगण्यांतील थॉर्नडन येथें झाला. तेथील तरुण उमराव लॉर्ड पेटर हा कॉलिन्सनचा मित्र आणि बार्ट्रमच्या पहिल्या आश्रयदात्यांपैकीं एक. पेट्या हातीं येतांच तो त्यांतील बीं मोठमोठ्या वाफ्यांत पेरवी, आणि तयार झालेलीं रोपें हजारांनीं लावून अमेरिकेच्या अरण्यासारखी वनराजि उभी करण्याचें स्वप्न पाही. १७४२ सालीं देवीच्या रोगानें तो वारला, तेव्हां त्याचें वय अवघें एकोणतीस वर्षांचें होतें. त्याच्या मागें रोपवाटिकांत दोन लाखांहून अधिक रोपें उरलीं होतीं. कॉलिन्सनला या मृत्यूचा जबर धक्का बसला. पुढें तीं रोपें इतर जमीनदारांनीं विकत नेलीं. मालक गेला, पण रोपें अनेक बागांत विखुरलीं गेल्यामुळें वाढत राहिलीं.

बार्ट्रम व कॉलिन्सन यांची मैत्री निखळ होती, तरी ती रुसव्याफुगव्यांवांचून होती असें नाहीं. बार्ट्रमला वाटे कीं रानोमाळ हिंडण्याच्या कष्टांची किंमत लंडनमध्यें बसून कळत नाहीं. कॉलिन्सनला वाटे कीं आपण यांत एक पैचाहि लाभ न घेतां धंद्याचा वेळ खर्ची घालतों, याची जाणीव पलीकडे नाहीं. बार्ट्रम व्हर्जिनियाच्या दौऱ्यावर निघाला तेव्हां कॉलिन्सननें त्याला चांगले नवे कपडे करून जाण्याची सूचना केली, कारण तेथील गृहस्थ माणसाच्या अंतरंगापेक्षां बाह्यांगाकडे अधिक पाहतात असें त्याचें मत होतें! असल्या लहानसहान कुरबुरींतूनहि पत्रें थांबलीं नाहींत. कॉलिन्सनच्याच खटपटीनें १७६५ सालीं तिसऱ्या जॉर्ज राजानें बार्ट्रमला आपला वनस्पतिसंशोधक म्हणून सालीना पन्नास पौंड तनखा बांधून दिला. तीन वर्षांनीं, १७६८ सालीं, कॉलिन्सन वारला. तोंवर बार्ट्रमच्या हातून सुमारें दीड-दोनशे अमेरिकन जाती युरोपच्या बागांत जाऊन पोंचल्या होत्या. बार्ट्रमचें स्वतःचें नांव मात्र एखाद्या शोभिवंत वृक्षाला न मिळतां ‘बार्ट्रामिया’ या एका शेवाळवर्गीय वनस्पतीला मिळालें आहे.

येथवरची हकीकत श्रीमंतांच्या बागा सजविण्याची आहे. तिला निराळाच अर्थ प्राप्त झाला तो बार्ट्रमच्या उतारवयांतील एका प्रवासामुळें.

राजाचा तनखा मिळाल्यावर सासष्ट वर्षांचा बार्ट्रम आपला मुलगा विल्यम याला बरोबर घेऊन दक्षिणेकडे निघाला. १७६५ च्या १ ऑक्टोबर रोजीं जॉर्जिया प्रांतांत, अल्टामाहा नदीच्या कांठीं, वाट चुकून ते दोघे फोर्ट बॅरिंग्टनच्या खालच्या अंगाला गेले. तेथें त्यांना कांहीं अपूर्व झुडपें दिसलीं. ओळख पटण्यासारखीं फुलें मिळालीं नाहींत. बापानें रोजनिशींत एक ओळ लिहिली आणि दोघे पुढें गेले.

विल्यम हा चित्रकलेंत निपुण, पण व्यापारांत पुनःपुन्हां बुडालेला. बापाला त्याची काळजी वाटे. १७७३ सालीं लंडनच्या डॉ. फॉदरगिल यांच्या आश्रयानें तो एकटाच दक्षिणेच्या प्रवासाला निघाला आणि जवळ जवळ चार वर्षें हिंडला. या प्रवासांत तो अल्टामाहाच्या कांठीं त्याच जागीं पुन्हां गेला. या वेळीं झाडें फुललेलीं होतीं. मोठीं, पांढरीं शुभ्र, सुवासिक फुलें व त्यांच्या मध्यभागीं पिवळ्या केसरांचा झुबका. हें झाड चहाच्या कुळांतील आहे, आणि त्याची एक विशेष गोष्ट अशी कीं फुलापासून धरलेलें फळ पिकण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. त्यामुळें एकाच वेळीं झाडावर यंदाचें फूल व गेल्या वर्षीचें पिकलेलें बोंड आढळूं शकतें. विल्यमनें १७७६ सालीं त्या बोंडांतील बीं काढून घेतलें. जेथें हें झाड विपुल वाढलें होतें ती जमीन दोन-तीन एकरांहून अधिक नव्हती, आणि एवढा प्रवास करूनहि अन्यत्र तें आपल्याला कोठेंहि दिसलें नाहीं, अशी नोंद त्यानें पुढें आपल्या प्रवासवर्णनांत केली.

१७७७ च्या जानेवारींत विल्यम घरीं परतला. अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध तेव्हां ऐन भरांत होतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत इंग्रज सैन्य फिलाडेल्फियाच्या दिशेनें चालून येत असतां जॉन बार्ट्रम वारला. पन्नास वर्षें वाढविलेली आपली बाग सैन्याच्या पायांखालीं तुडविली जाईल या धास्तीनें त्याचे शेवटचे दिवस ग्रासले होते असें सांगतात. बाग वांचली. पण अल्टामाहाकांठच्या बियांपासून झालेलें झाड तिच्यांत प्रथम फुललें तें १७८१ सालीं. ज्यानें सोळा वर्षांपूर्वीं तें झाड पहिल्यानें नोंदलें होतें त्याला त्याचें फूल पाहण्याचा योग आला नाहीं.

विल्यमनें त्या झाडाला बापाचा स्नेही बेंजामिन फ्रँक्लिन याचें नांव दिलें. १७८५ सालीं त्यांचाच आप्त हंफ्री मार्शल यानें अमेरिकन झाडाझुडपांच्या आपल्या ग्रंथांत ‘फ्रँक्लिनिया अलाटामाहा’ हें नांव छापलें. बार्ट्रमच्या बागेंतून त्याचीं रोपें व बीं इतर बागांत जाऊं लागलें.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. १८०३ सालीं जॉन लायन नांवाच्या वनस्पति गोळा करणाऱ्या गृहस्थानें अल्टामाहाच्या कांठीं फ्रँक्लिनियाचीं मोजकीं झाडें पाहिलीं. ही शेवटची खात्रीची नोंद. त्यानंतर कित्येकांनीं ती नदी, तिचे कांठ, आसपासच्या दलदली धुंडाळल्या. रानांत वाढलेलें एकहि फ्रँक्लिनिया कोणाला सांपडलें नाहीं. कोणी म्हणतात पुरानें नेलें, कोणी म्हणतात वणव्यानें जाळलें, कोणी म्हणतात कापसाच्या लागवडीबरोबर आलेल्या एखाद्या मुळकुजव्या रोगानें तें मारलें. कोणी रोपें खणून नेणाऱ्यांनाहि दोष देतात. कारण कांहींहि असो, जें अरण्य त्याचें माहेर होतें तेथून तें कायमचें नाहीसें झालें.

आज जगांत फ्रँक्लिनियाचीं जीं झाडें आहेत तीं सर्व बार्ट्रमच्या बागेंत वाढलेल्या झाडांचीच संतति मानलीं जातात. १९९८ सालीं बार्ट्रमच्या बागेच्या चालकांनीं त्यांची शिरगणती हातीं घेतली, तेव्हां दोन हजारांहून अधिक झाडांची नोंद झाली. एका प्रवाशाच्या खोगिरांतील पिशवींतून आलेल्या बियांवर एका संपूर्ण जातीचा वंश तगला.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. विल्यमनें तें बीं गोळा केलें तें झाडाचें रक्षण करावें या हेतूनें नव्हे. वनस्पतींची किंवा प्राण्यांची एखादी जात पृथ्वीवरून कायमची नष्ट होऊं शकते हा विचारच त्या काळीं रूढ झालेला नव्हता. क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें तो पुराव्यानिशीं मांडावयास १७९६ साल उजाडावें लागलें. विल्यमनें बीं घेतलें तें फूल सुंदर होतें म्हणून, आपल्या बागेंत तें असावें म्हणून, आणि बीं पिकलेलें दिसलें कीं तें उचलावयाचें ही बापाची शिकवण त्याच्या अंगांत मुरली होती म्हणून. शोभेसाठीं केलेलें काम वंशरक्षणाचें ठरलें. शोभेच्या बागांना रिकामपणाचा उद्योग म्हणून नांवें ठेवणारे लोक त्याहि काळीं होते, आजहि आहेत. त्यांच्यासाठीं फ्रँक्लिनिया हें पुरेसें उत्तर आहे.

परंतु या उत्तराला एक मर्यादाहि आहे, आणि ती सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. रानांतील हजारों झाडांत जें वैविध्य असतें तें थोड्याशा बियांत येऊं शकत नाहीं. एकाच घराण्यांतील हीं झाडें नाजुक आहेत; मुळांच्या रोगाला तीं चटकन् बळी पडतात, आणि अनेक बागवानांनीं लावलेलें फ्रँक्लिनिया कांहीं वर्षांतच गमावलेलें आहे. बागेनें वांचविलेली जात म्हणजे अरण्यांतील जात नव्हे. बाग ही अरण्याची जागा घेऊं शकत नाहीं. फार तर ती अरण्याची ठेव कांहीं काळ जपून ठेवते. विल्यमनें दुसऱ्या ठिकाणाहूनहि बीं आणावें म्हटलें असतें तरी दुसरें ठिकाणच नव्हतें. ज्या झाडांना आज अनेक ठिकाणें उरलीं आहेत, त्यांचें बीं गोळा करणाऱ्यांनीं एवढा धडा यांतून घ्यावा कीं तें एकाच सुंदर झाडाखालून न घेतां अनेक झाडांखालून घ्यावें.

बार्ट्रमची बाग अजून आहे. १७८७ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन ती पाहावयास आला होता. झाडें दुर्मिळ आहेत, पण बागेची मांडणी विशेष रसिकतेची नाहीं, अशा आशयाची नोंद त्यानें आपल्या रोजनिशींत केली. ती खरीच असली पाहिजे. ती बाग पाहुण्यांनीं पाहून थक्क व्हावें यासाठीं केलेली नव्हतीच. ती बीं पिकविण्याची जागा होती. १८५० पर्यंत ती बार्ट्रमच्या वंशजांकडे राहिली. पुढें शहर वाढलें, भोंवतीं कारखाने व आगगाडीचे रूळ आले. १८९१ सालीं फिलाडेल्फिया शहरानें ती ताब्यांत घेतली व सार्वजनिक केली. नदीकांठचें दगडी घर तेथें उभें आहे, आणि श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास फ्रँक्लिनियाचीं पांढरीं फुलें तेथें उमलतात.

त्या फुलांनीं धरलेलीं बोंडें पुढील वर्षाच्या शरदांत पिकतात. तीं तडकलीं कीं कोणीतरी तें बीं गोळा करतें, ओल्या वाळूंत घालून थंडींत ठेवतें, आणि वसंतांत पेरतें. रोप वर आलें तरी तें फुलण्यास आणखी कांहीं वर्षें लागावयाचींच. पेरणाऱ्यालाच फूल दिसेल असा नेम नाहीं. जॉन बार्ट्रमलाहि तो नव्हता.